उजनी उणे असताना

आमच्या शाळेत इतिहास-भूगोल दोन्ही माझ्याकडेच. बोर्डात दोन्हींचे पेपर 40-40 गुणांचे, वह्या वेगळ्या, आणि मुलांच्या डोक्यातही मधोमध रेघ मारलेली. दहावीच्या भूगोलातला पहिला धडा ‘क्षेत्रभेट’. पुस्तकातली मुलं नळदुर्गहून अलिबागला जातात. आमची मात्र वर्गातच बसून न केलेल्या भेटीचा अहवाल लिहितात!

2024 च्या उन्हाळ्यात जादा तास सुरू होते आणि उजनी धरण उणे टक्क्यांत गेलं होतं. पाणी उणे कसं असेल, म्हणून पोरं हसली. एकूण साठा साधारण 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट; त्यातला 63 च्या आसपास मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळचं पाणी. शून्य टक्के म्हणजे तिथपर्यंतचं पाणी. त्याखाली उतरलं की आकडा उणे. एवढं फळ्यावर मांडलं आणि ठरवलं, पळसदेवला जायचं. धरण 1980 साली पूर्ण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि पळसनाथाचं देऊळ तेव्हापासून अशा कोरड्या वर्षीच पूर्ण उघडं पडतं. इंदापूर तालुक्यात राहून ते दाखवायचं नाही, हे मला पटेना. संमतीपत्रं वगैरे सोपस्कार झाले.

एका मुलीचे आजोबा सोबत आले होते. जुन्या गावचे. देवळाचं विटांचं शिखर पाहून मुली फोटोत रमल्या, मी वीरगळापाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेपाशी, थांबले. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, टोकाला चंद्र-सूर्य. इतिहासाचं भौतिक साधन म्हणून हे वर्गात घोकून घेतलेलं. इथे बोटाने गाळ पुसून बघताना कोणी घोकत नव्हतं.

खरी गंमत पुढे झाली. पाणी उतरताना काठाच्या उतारावर एकाखाली एक रेघा राहिल्या होत्या, वाळलेल्या शेवाळाच्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा, घरी मासेमारी, चाचणीत जेमतेम पास होणारा, एकदम म्हणाला, “बाई, ही समोच्च रेषाच की! पाणी काय वाकडं उभं राहतंय व्हय? एका रेघंवर समदीकडं उंची सारखीच.” आणि दोन रेघा जवळ आल्या तिथे उतार खडा, लांब गेल्या तिथे मंद, हे त्यानेच चालून दाखवलं. मी वर्षानुवर्षं बटाटा कापून हे शिकवते. बटाटा यापुढे भाजीलाच.

आजोबा ऐकत होते. काठीने एक रेघ दाखवून म्हणाले, “पयल्या वर्साला इथवर आलं. दुसऱ्या वर्साला आमचा उंबरा गेला.” मग मुलं रेघांवरून त्यांना वर्षं विचारत सुटली. क्षेत्रभेटीसाठी नेलेल्या प्रश्नावलीत छापील प्रश्न होता, ‘आपला व्यवसाय कोणता?’ आजोबा म्हणाले, “कवाचा सांगू? तवा बागाईतदार. मग ऊसतोडीला. आता गाळपेर.” प्रश्नावलीत जागा होती एका शब्दाची. या प्रश्नावल्या माझ्या कधीच मनातून उतरल्यात, पण त्या दिवशी माझी अगदी खात्री पटली.

गाळपेर म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेर. आमचा भाग पर्जन्यछायेतला. उजनी भरतं ते वर घाटमाथ्यावर पडलेल्या पावसावर. तो इकडे भीमेला येईपर्यंत तळात चाऱ्याची मका निघते. जमीन ज्याची गेली तोच कधीकधी तिथे पेरतो, तेही सरकारी पाण्याच्या जागेत.

परतल्यावर अहवालातल्या भूमी उपयोजनाच्या, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरतात त्याच्या, तक्त्यावर भांडण लागलं. एक गट म्हणे जलाशय लिहा, नकाशात निळाच रंग आहे. दुसरा म्हणे, आम्ही मकेतून चालत आलोय, शेतीच लिहा. आजोबांच्या नातीने तिसरंच काढलं: हे तर गावठाण. शेवटी तिघांनी तीन तक्ते केले. परीक्षकाला कुठला चालेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिन्ही जोडा, गुणांचं मी बघते.