एक नाव, दोन माणसं

ग्रंथालयाची सूची करताना आजचा दिवस एका नावातच गेला. नाव-आडनाव तेच, पण एक भूगर्भशास्त्रज्ञ, दुसरा कवी. आणि दोघांची पुस्तकं एकाच नोंदीखाली! वेगळं करायला जन्मसाल हवं, ते शीर्षकपानावर सहसा नसतंच. (लेखकांनो, छापा की!) कवीचं शेवटी एका प्रस्तावनेत सापडलं. मार्क (ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींचा ठरलेला साचा) नोंदीत १०० क्रमांकाच्या रकान्यात नावाचं अधिकृत रूप, ४०० मध्ये इतर रूपं, ६७० मध्ये पुरावा कुठे मिळाला ते.

उलटा घोळही असतोच. रशियन संगीतकार चायकोव्स्की (१८४०-१८९३) माणूस एकच, पण नावाची सुरुवात इंग्रजीत 'टी-सी-एच', जर्मनमध्ये 'टी-एस-सी-एच', मूळ रशियनची लिपीच वेगळी. देशोदेशीच्या ग्रंथालयांची अशी रूपं व्हीआयएएफ ही नावांची आंतरराष्ट्रीय सामायिक यादी एकमेकांना जोडते, म्हणून निभावतं.

भूगर्भवाल्यांचं साल काही मिळेना. तूर्तास नावापुढे व्यवसाय जोडलाय.