नाला कुठं गेला?

सप्टेंबर 2025. आमच्या महापालिकेच्या प्रारूप प्रभाग रचनेवर, म्हणजे निवडणुकीसाठी आखलेल्या प्रभागांच्या हद्दींच्या मसुद्यावर, हरकतींची सुनावणी. नकाशे काढणाऱ्या तिघांत मी होतो, म्हणून साहेबांच्या मागं फायली धरून बसायची पाळी माझ्यावर आली.

सकाळभर एकाच टायपिंगवाल्याकडचे अर्ज येत होते. ‘नागरिकांची गैरसोय’. सह्या वेगळ्या, शुद्धलेखनाची चूक तीच. कुणाची हक्काची गल्ली शेजारच्या प्रभागात गेलीय, हे दारावरच्या शिपायालाही कळत होतं. साहेब प्रत्येकाला तेच सांगत: सुरुवात उत्तरेकडून, मग नागमोडी दक्षिणेपर्यंत, लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के कमी-जास्त, प्रगणक गट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेला घरांचा गट, शक्यतो फोडायचा नाही.

एका सोसायटीचे सेक्रेटरी तडकले. “चारशे फ्लॅट आहेत, आणि तुमच्या हिशेबात आम्ही नाहीच?” हिशेब 2011च्या जनगणनेचा. तेव्हा तिथं ऊस होता. 2021ची जनगणना झालीच नाही, त्याला आम्ही काय करणार!

मग एक मावशी आल्या. वहीच्या पानावर हातानं लिहिलेला अर्ज. “हद्द नाल्याच्या मध्यातून जाते म्हणता. आमच्याकडं नालाच नाही.”

दुपारी भर पावसात टेप घेऊन गेलो. खरंच नव्हता. कधीतरी पाइप टाकून तो पलीकडं वळवलेला, आम्ही मात्र रेष जुन्या नकाशावरून ओढलेली. चूक आमचीच, जागेवर जायचा कंटाळा केला होता. ती रेष सहा घरांतून जात होती. मावशींची चूल एका प्रभागात, देव्हारा दुसऱ्यात.

संध्याकाळी एका माजी नगरसेवकांचा फोन. “बदलताच आहात, तर रेष जरा गल्लीच्या पलीकडनं घ्या की.” बातमी पोचायला चार तासही लागले नव्हते. म्हटलं, “भाऊ, बदल करायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि अंतिम मान्यता राज्य निवडणूक आयोगाची.” एरवी हा आयोग म्हणजे आमच्यासाठी रात्री जागवणारी पत्रं. त्या दिवशी मात्र मुंबईतल्या त्या ऑफिसचं नाव घेताना फार बरं वाटलं.

हद्द मागच्या रस्त्यावर सरकवली. प्रगणक गटाची कडही तिथंच होती. अंतिम रचना लागल्यावर मावशी विचारायला आल्या, “चुलीकडचा की देव्हाऱ्याकडचा?”

“चुलीकडचा.”

“म्हणजे पुन्हा त्याच मंडळींशी गाठ,” असं पुटपुटत त्या जिना उतरल्या.