ड्रम वर, शेगडी गार

सोमवारी सकाळी वसतिगृहाच्या मेसमधून निरोप आला: बायोगॅस साठवणारा ड्रम वरपर्यंत चढलाय, पण शेगडी धरत नाही. पाइपात पाणी साचलं असेल म्हणून तिथल्या माणसाने वॉटर ट्रॅप रिकामा करून पाहिला होता. फरक शून्य.

खरकट्यापासून बायोगॅस करणारं हे संयंत्र 50 घनमीटरचं, तरंगत्या ड्रमचं. रोज 500 किलो खरकटं आणि तेवढंच पाणी क्रशरमधून आत जातं. खरकट्यात साधारण 22 टक्के कोरडा भाग, त्यातला 90 टक्के सेंद्रिय. म्हणजे दिवसाला 100 किलो, घनमीटरमागे 2 किलो. एवढं पचतं, आणि 40-45 घनमीटर गॅस मिळतो. शनिवार-रविवारी स्नेहसंमेलन होतं. नोंदवही उघडली तर दोन्ही दिवशी टनाच्या वर माल गेलेला, त्यात भात, जिलबीचा पाक आणि श्रीखंड जास्त.

असा माल काही तासांत आंबतो. आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. मिथेन करणाऱ्यांना दुप्पट व्हायलाच काही दिवस लागतात. साचलेलं आम्ल स्लरीतलं, म्हणजे आतल्या पातळ काल्यातलं, बायकार्बोनेट संपवतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. ड्रम फुगला होता तो त्यानेच, आणि तो जळत नाही. वर आलेला ड्रम पाहून खूश होणारे बरेच भेटतात. आम्ही आधी ज्योत बघतो.

आउटलेटच्या स्लरीचा पीएच 6.2 निघाला. पीएच घसरेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून खरा भरवसा टायट्रेशनवर, म्हणजे ठरावीक पीएचपर्यंत किती आम्ल लागतं ते मोजण्यावर. गाळलेली 20 मिली स्लरी, 0.1 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल: पीएच 5 पर्यंत 10 मिली लागलं, तिथून 4.4 पर्यंत आणखी 2.4 मिली. पहिल्या आकड्याला 250 ने गुणलं की क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, लिटरमागे 2500 मिलिग्रॅम. दुसऱ्याला 1.66 ने गुणून 0.15 वजा करायचे आणि 500 ने गुणायचं, आम्लं 1917. आम्लं भागिले क्षारता, गुणोत्तर 0.77. निरोगी डायजेस्टरमध्ये (पचनाच्या टाकीत) ते 0.3 च्या आसपास असतं.

भरणा त्याच क्षणी बंद. ड्रममधला गॅस आगीपासून लांब, उघड्यावर सोडला. क्षारता 1000 ने वाढवायला घनमीटरमागे 1.68 किलो खाण्याचा सोडा लागतो, इथे 84 किलो. तो रोज 20-22 किलो, पाण्यात विरघळवून, पंपाने स्लरी फिरवत चार दिवसांत दिला. एकदम ओतला तर फेस उसळून आउटलेटमधून बाहेर येतो. चुना स्वस्त पडतो, पण तो कार्बन डायऑक्साइड शोषून खडूसारखा तळाशी बसतो. बंद घुमटाच्या संयंत्रात तर आत निर्वात तयार होण्याची भीती. जोडीला शेजारच्या चालू गोबरगॅसची 2 घनमीटर ताजी स्लरी घातली. तिच्यातून मिथेन करणारे सूक्ष्मजीव मिळतात, शिवाय निकेल, कोबाल्ट, सेलेनियम. नुसत्या खरकट्यावर चालणाऱ्या संयंत्रात ही मूलद्रव्यं कमी पडतात आणि प्रोपिओनिक आम्ल हटता हटत नाही.

गुणोत्तर 0.4 च्या खाली आलं, ज्योत निळी आणि स्थिर झाली, तेव्हा 100 किलोपासून भरणा सुरू केला, तोही तीन वेळांत विभागून. पुढची वाढ गुणोत्तर पाहूनच. आता तळणीचं तेल आणि लिंबू-संत्र्याच्या साली क्रशरआधीच बाजूला निघतात, आठवड्याला 25 किलो शेण जातं, आणि 500 किलोच्या वरचा माल कंपोस्टच्या खड्ड्यात.