दिवेलागणीचं फूल

सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन टेरेसवर जायचं, दोडक्याच्या वेलावर कालची फुलं मलूल होऊन लोंबताना बघायची आणि परत यायचं. एप्रिलचे पहिले दहा दिवस माझे असे गेले. वेल तसा अंगाने भरलेला. ग्रिलला बांधलेली सुतळी संपवून तो कपडे वाळत घालायच्या दोरीवर चढला होता, आणि आमच्या घरात टॉवेल आधी की दोडका आधी यावर रोज चर्चा व्हायची. करंगळीएवढी दोडकीही दिसायची, शिरांसकट, हुबेहूब. दोन दिवसांनी ती पिवळी पडायची आणि तिसऱ्या दिवशी फरशीवर.

खरं तर सुरुवातच चुकली होती. पहिल्या बिया मी संक्रांतीच्या आधीच, उत्साहाच्या भरात लावल्या आणि त्या मातीतच कुजल्या. चिंचवडची थंडी फार नसते, पण दोडक्याला ती पुरते. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली, तेव्हा दुसऱ्यांदा चार बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधल्या. रंगाचा 20 लिटरचा डबा, बुडाला तापलेल्या स्क्रूड्रायव्हरने पाडलेली भोकं, आत लाल माती, कोकोपीट, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. चारातल्या तीन उगवल्या. एक कबुतराने नेली.

फळ का धरत नाही, हे शेवटी कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना विचारलं. त्या सासवडकडच्या.

“फुलं कधी बघताय?”

“सकाळी.”

मावशी गवार तोलता तोलता थांबल्या. “सकाळी घोसाळं फुलतं. दोडकं दिवेलागणीला. तुम्ही सगळं आटपल्यावर जाताय की!”

त्या दिवशी ऑफिसमधून आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता, टेरेसवर गेलो. सकाळी जिथे घट्ट मिटलेल्या कळ्या होत्या, तिथे लिंबासारखी पिवळी, ताजी फुलं उघडली होती. पाच पाकळ्या, धुवून इस्त्री न केलेल्या मलमलीसारख्या किंचित चुरलेल्या. नर फुलं एकाच लांब दांड्यावर घोसाने, मादी फूल एकटं, आणि त्याच्या मागे ते करंगळीएवढं दोडकं. म्हणजे जे मला फळ वाटत होतं, ते फळ नव्हतंच. ती फक्त तयारी होती.

शेतात हे काम संध्याकाळी फिरणारे पतंग करतात, शेवटच्या खेपेला निघालेल्या मधमाश्याही करतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर दोघांचाही पत्ता नव्हता. मग एक नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडल्या आणि मधला पिवळा पराग मादी फुलाच्या तोंडावर हलकेच टेकवला. अंधार पडत आला होता, म्हणून मोबाईलचा टॉर्च दातात धरला. समोरच्या इमारतीतले काका गॅलरीत उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

या वेलभाज्यांचं एक घराणं, पण पाळ्या वेगवेगळ्या. काकडी, कारलं, भोपळा, घोसाळं यांची पहिली पाळी. दोडका, पांढऱ्या फुलांचा दुधी आणि झालरीच्या फुलांचं पडवळ यांची दुसरी. आमच्या गावाला हे समजावून सांगावं लागत नाही. वडील कंपनीत होते आणि त्यांची सेकंड शिफ्ट असली की आम्हाला ते आठवडाभर फक्त झोपलेले दिसायचे. आम्ही शाळेला निघायचो तेव्हा त्यांच्या डोक्यावर पांघरूण. माणूस कामाचा आहे हे आई सांगायची म्हणून खरं मानायचं.

पलीकडच्या कुंडीतला मोगराही दुसऱ्या पाळीचाच. 26 जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे दोन वर्षांपूर्वी घेतलेला. पहिल्या वर्षी मायेने रोज पाणी घातलं, तर नुसती पानं आली. यंदा जानेवारीत पाणी तोडलं, फेब्रुवारीत छाटला, उरलेली पानं खुडली आणि मगच खत-पाणी दिलं. घरातल्यांना ते छळ करणं वाटलं. मार्चअखेर नव्या फुटीला कळ्या लागल्या. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या खुडून वाटीत पाण्यावर टाकल्या की जेवणं होईपर्यंत उमलतात. आता साडेसहा ते सात मी फोन घेत नाही. ऑफिसात कारण सांगितलेलं नाही, आणि “दोडक्याला वेळ देतो” असं सांगता येईल असं आमचं ऑफिसही नाही.

टेकवलेल्या सात फुलांपैकी पाच धरली. आठ-दहा दिवसांत दोडकी तोडायला आली. भाजी एकाच जेवणाची झाली, शिरांची चटणी मात्र तीळ-खोबरं घालून दोन दिवस पुरली. पाचवं दोडकं एसीच्या मागे, पानाआड वाढत राहिलं आणि सापडलं तेव्हा इतकं जून झालं होतं की सुरी लागेना. ते वेलावरच ठेवलं. मेअखेर वाळून तपकिरी झालं, हलवलं की खुळखुळायला लागलं, आणि एक दिवस टोकाचं झाकण आपोआप गळून पडलं. खाली वर्तमानपत्र धरून उपडं केलं. खरखरीत काळ्या बिया.

मावशींना दाखवल्या. “पाण्यात टाकून बघा,” त्या म्हणाल्या, “तरंगतील त्या फेका.”

चार तरंगल्या. एकोणीस तळाला गेल्या.