खुरातला खडा

आज खरारा झाल्यावर घोडीचा मागचा पाय उचलायला गेले तर ती द्यायलाच तयार नाही, दोन-तीनदा प्रयत्न केला, मग लक्षात आलं की मी काही न बोलता सरळ मागून आलेय आणि घोड्याला शेपटीमागचं दिसतच नाही. मग खांद्यापाशी गेले, हाक मारली, तिचा एक कान माझ्याकडे वळला, पाठीवरून हात फिरवत खाली आणला आणि तिने पाय आपणहून दिला. खुरात बारीक खडा रुतला होता, बिचारी!

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या 32व्या स्तोत्रातलं 9वं वचन आठवलं, घोड्या-खेचरासारखे निर्बुद्ध होऊ नका, त्यांना लगामाने आवरावं लागतं. मी नेहमी त्या लगामावरच अडकायचे, पण आधीचं 8वं वचन बघा ना, तिथे देव म्हणतो मी तुला शिकवीन, तुझ्यावर नजर ठेवीन. किती जवळून बोलतो तो!

परवा ऑफिसात मी एका मैत्रिणीची चूक सगळ्यांसमोर दाखवली, ती एकदम गप्प झाली आणि मला उलट तिचाच राग आला. मी तिच्याकडेही अशीच मागून गेले होते. रात्री प्रार्थनेत तिचं नाव घेतलं, उद्या आधी तिला भेटून सॉरी म्हणणार आहे.