हैतीने स्वातंत्र्यासाठी मोजलेले फ्रँक

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझी नजर लढायांच्या आधी रकमांवर आणि हप्त्यांवर जाते. हैतीबद्दलचं १८२५ सालचं फ्रेंच फर्मान वाचलं, तेव्हापासून मात्र ते डोक्यातून जात नाही.

आजचा हैती म्हणजे तेव्हाची सँ-दोमँग, साखर आणि कॉफीवर गबर झालेली फ्रान्सची वसाहत. ऑगस्ट १७९१ मध्ये तिथले गुलाम उठले. पुढे त्यांनी नेपोलियनच्या फौजेलाही हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्यांचा सेनापती देसालीनने हैतीच्या स्वातंत्र्याची घोषणा केली.

पण मान्यता कोण देणार? अमेरिकेत जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष असताना उठावाचा नेता तुसाँ लूव्हेर्त्यूरशी व्यापार चालत होता. जेफरसनच्या काळात, १८०६ मध्ये, त्यावर बंदी आली. सँ-दोमँगची मोहीम फसत चालली म्हणूनच नेपोलियनने उत्तर अमेरिकेतला आपला लुइझियाना प्रदेश अमेरिकेला विकायला काढला आणि अमेरिकेचा विस्तार जवळजवळ दुप्पट झाला. म्हणजे या क्रांतीचा एवढा मोठा फायदा ज्यांना झाला, त्यांनीच तिला दार बंद केलं, कारण आपल्या मळ्यांतले गुलाम उद्या हेच करतील ही धास्ती. दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध लढणारा बोलिव्हार आसऱ्याला आला तेव्हा हैतीचा नेता पेत्याँने त्याला बंदुका आणि दारूगोळा दिला. गुलामांना मुक्त करायचं, एवढीच अट घातली. तरी अमेरिका खंडातल्या नव्या स्वतंत्र देशांच्या १८२६ च्या पनामा परिषदेचं बोलावणं हैतीला गेलं नाही. हे वाचताना मला फार वाईट वाटतं.

आणि आता ते फर्मान. जुलै १८२५ मध्ये फ्रान्सचा दूत बॅरन द मॅको हैतीच्या राजधानीत, पोर्तो-प्रॅन्सला आला. मागे १४ युद्धनौका होत्या, हातात फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सचा हुकूम: स्वातंत्र्याला मान्यता हवी तर पैसे मोजा. मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक, पाच वार्षिक हप्त्यांत. वर फ्रेंच जहाजांना जकात निम्मी. अध्यक्ष बॉयेने सही केली. ज्या माणसांना राबवलं, त्यांनीच आपल्या मालकांना भरपाई द्यायची!

पहिल्याच हप्त्याचे ३ कोटी हैतीकडे नव्हते. म्हणून पॅरिसच्या बाजारात ३ कोटींचं कर्ज काढलं. हातात पडले २ कोटी ४० लाख. फेड मात्र पुऱ्या ३ कोटींची, वर व्याज. खेड्यातला सावकार व्याज आधीच कापून उरलेले पैसे हातावर टेकवतो, तीच रीत. अशी कागदपत्रं माझ्या टेबलावर आली असती तर मी ती परत पाठवली असती. कर्जदाराचं उत्पन्न जकातीचं आणि धनको तीच जकात आधी निम्मी करून बसलेला. हप्ते थकणार हे पहिल्या दिवसापासून उघड होतं. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण भरपाई आणि तिच्यापोटी काढलेल्या कर्जांची साखळी तुटायला १९४७ उजाडलं.

अमेरिकेने मान्यता दिली १८६२ मध्ये. गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचे प्रतिनिधी काँग्रेस सोडून गेल्यावरच लिंकनला ते जमलं. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतलं ५ लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं आणि पुढच्याच वर्षी देश ताब्यात घेतला, १९३४ पर्यंत.

२००३ मध्ये हैतीचे अध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम परत मागितली. १७ एप्रिल २०२५ रोजी, फर्मानाला २०० वर्षं झाली त्या दिवशी, फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती जाहीर केली. पैसे परत करण्याचा उल्लेख त्यात नव्हता. समितीने तो हिशेब मांडावाच, आणि कर्ज देतानाच कापून घेतलेल्या त्या ६० लाखांपासून सुरुवात करावी.