एकोणीस वर्षांचे वडील

दुपारी चारच्या सुमारास व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, की समजायचं, एल्डर आले.

ह्यूस्टनच्या हिलक्रॉफ्ट रस्त्याजवळ आमची इमारत. एका अंगाला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट, म्हणजे साड्या, सोनं आणि कढीपत्ता. दुसऱ्या अंगाला गल्फटन, तिथे मध्य अमेरिकेतले साल्वादोर, होंडुरास, ग्वातेमाला. मी मधोमध. माझ्या शेजारच्या आजी साल्वादोरच्या, सांता आनाकडच्या. त्यांच्याकडे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची दोन मुलं धर्म शिकवायला येतात. घरात बाई एकटी असेल तर ही मुलं आत पाऊल टाकत नाहीत, तसा त्यांचा नियमच आहे. त्यामुळे सगळा धर्म आमच्या सामाईक व्हरांड्यात चालतो आणि भाजी निवडता निवडता तो मलाही फुकट मिळतो.

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी. पट्टीवर नावाखाली चर्चचं नाव स्पॅनिशमध्ये: ला इग्लेसिया दे हेसुक्रिस्तो दे लोस सांतोस दे लोस उल्तिमोस दियास. आपली नाव-वडिलांचं नाव-आडनाव ही गाडी यापुढे काहीच नाही. यातला उंच मुलगा आयडाहोचा, वय १९, आणि पट्टीवर 'एल्डर'. म्हणजे वडीलधारे! मिसरूड नीट फुटलेलं नाही आणि म्हणे वडील. २०१२ साली चर्चने मुलग्यांची वयाची अट एकोणीसवरून अठरावर आणली, तेव्हा याच्याहून धाकटेही वडील हिंडत असतात. गंमत म्हणजे साल्वादोरमध्ये वयस्क बाईच्या नावाआधी आदराने 'निन्या' लावतात. निन्या म्हणजे मुलगी. तर एकोणीस वर्षांचे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मुलीला देवाबद्दल सांगत बसतात आणि मुलगी त्यांना म्हणते, आधी खाऊन घ्या.

स्पॅनिश तो प्रोवोला, युटातल्या चर्चच्या प्रशिक्षण केंद्रात, सहा आठवड्यांत शिकला. सहा आठवडे! मला या भाषेत भांडता येईपर्यंत सहा वर्षं लागली, तीही बहुतेक खाली कपडे धुवायच्या मशिनींपाशी उभी राहून. सुरुवातीला तो फार गंभीर चेहऱ्याने बोलायचा. एकदा म्हणाला, येशूने आपल्या सगळ्यांचे 'पेस्कादोस' स्वतःच्या अंगावर घेतले. म्हणायचं होतं पेकादोस, पापं. पेस्कादो म्हणजे मासा. आजींनी तोंडाची सुरकुतीही हलू न देता विचारलं, "मग चाळीस दिवसांच्या उपासात शुक्रवारी आम्ही काय खायचं?" (तेव्हा शुक्रवारी कॅथलिकांना मांस वर्ज्य, मासा चालतो.) जोडीदाराने मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. मी घरात जाऊन नळ सोडला. पाप आणि मासा यांत फक्त एका 'स'चा फरक. हे आमच्या सोवळ्यातल्या ताईआत्याला कळलं असतं, तर तिने स्पॅनिश ही देवभाषा आहे असं जाहीर केलं असतं.

चहा-कॉफीचं मात्र मला अजून पटलेलं नाही. १८३३ सालच्या एका उपदेशामुळे त्यांना दोन्ही वर्ज्य. दारी आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही तर काय विचारायचं? "अर्धा कप तरी" हे वाक्यच हातातून काढून घेतलं, की मी पांगळी होते. आजींचं दुःख माझ्याहून मोठं. त्यांच्या घरच्या दोन पिढ्या कॉफीच्या मळ्यात फळं तोडण्यात गेल्या. कॉफी देवाला चालत नाही हे ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "मग तो सांता आनाला कधी आलाच नसेल." शेवटी मी कोकम सरबत काढलं. आयडाहोच्या वडिलांनी एक घोट घेतला, रंगाकडे बघितलं आणि शहाण्यासारखा पेला संपवला.

टाय लावून उन्हात हिंडणारी मुलं बघितली की मला सांगलीचा मे महिना आठवतो. व्हॅक्युम क्लीनर विकणारी दोन मुलं अशीच भर दुपारी आली होती. आमच्याकडे गालिचा नव्हता. आजी म्हणाली, गादीवर दाखव. त्याने एक गादी साफ केली. मग तिने माळ्यावरच्या, पाहुण्यांच्या, बाळंतिणीच्या, सगळ्या गाद्या खाली काढवल्या. दोन तास ते यंत्र घोंघावत होतं आणि आम्ही पोरं त्या पारदर्शक डब्यातली धूळ 'ही आपली आहे?' म्हणून अभिमानाने बघत होतो. नंतर आजीने दोघांना पन्हं दिलं, घरी कोण कोण असतं, आई काय करते, लग्नाच्या बहिणी किती, सगळं विचारून घेतलं. आणि शेवटी, "ह्यांना विचारून सांगते." आजोबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

शेजारच्या आजीही असंच सांगतात. एल्डर विचारतात, रविवारी चर्चला याल ना? आजी लगेच, "प्रिमेरो दियोस!" आधी देव, म्हणजे देवाच्या मनात असेल तर. आणि रविवारी सकाळी आठला नेहमीच्या कॅथलिक मिसाला जातात. त्यांच्या दारावर पिवळा पडलेला स्टिकरसुद्धा आहे, 'हे घर कॅथलिक आहे'. त्याच्याच खाली ही मुलं बसलेली असतात. वरच्याला विचारून सांगते म्हटलं, की कोणाचं मन मोडत नाही.

बोलण्यात आजी त्या आयडाहोच्या मुलाला 'उस्तेद' म्हणत, म्हणजे आपलं 'आपण' किंवा 'तुम्ही'. तोही उस्तेदच. फक्त प्रार्थनेत डोळे मिटले की देवाला 'तू'. ते ऐकून मला बरं वाटायचं, विठोबाशीही आपण याच वचनात बोलतो. पण साल्वादोरमध्ये तिसरंही एक आहे, 'वोस'. मांडीवर खेळवलेल्यांसाठी. प्रोवोच्या सहा आठवड्यांत ते त्याच्या कानावरून गेलं नसावं.

सोमवारी त्यांची सुट्टी. टी-शर्टात खाली कपडे धुवायला आलेला आयडाहोचा मुलगा भेटला, कॉलर साबणाने घासत होता. म्हणाला, बदली झाली, बुधवारी निघायचं. पूर्वी या मुलांना घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. तो नुकताच आईशी बोलला होता आणि ती म्हणाली होती, तू इंग्रजी बोलताना अडखळायला लागलास.

मंगळवारी आजींनी पुपुसा केल्या. मक्याचं पीठ, आत चीज आणि लोरोकोच्या कळ्या, भाकरीसारखं थापायचं, पण आधी पुरणासारखं भरायचं. पहिल्या दिवशी त्याने काटा मागितला होता. आता हातानेच तोडत होता, बोटं भाजत होती तरी. त्या दिवशी धर्म निघालाच नाही. आजींचा एक नातू तिकडे साल्वादोरला आहे, एकोणिसाचाच, त्याला त्यांनी फोनच्या पडद्याबाहेर कधी पाहिलेलं नाही. तिसरी संपली तशी त्यांनी तव्यावरची चौथी उचलली आणि म्हणाल्या, "केरेस ओत्रा?"

तो थांबला. त्याच्या व्याकरणात हे रूप अशा उच्चाराने नव्हतं, शेवटावर जोर देऊन. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अजून एक हवी का, विचारतायत," मी म्हटलं. "तुला."

त्याला 'तुला' मधलं काय कळणार? मी ते इंग्रजीत सांगितलं होतं, आणि इंग्रजीत सगळेच 'यू'. पण त्याने ताटली पुढे केली.

परवा नवीन एल्डर आला. याचा 'पेकादो' अगदी स्वच्छ आहे. आजी फारशा खूश दिसल्या नाहीत.